शिशाचे शिपाई

बाबा, तुमचे शिपाई आता घरात नाहीत. मागच्या महिन्यात बाळकुमहून एकजण गाडी घेऊन आला आणि एकेक शिपाई कागदात गुंडाळून, खोक्यांत भरून घेऊन गेला. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं उलटून गेली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला उद्देशून एक ओळ लिहिली नाही. तुमच्या तिथीला पान वाढतानासुद्धा मनात काही बोलले नाही. आता लिहितेय, कारण हे जिला सांगायला हवं तिला सांगता येत नाही, आणि आई तर गेलीच. तुम्ही ऐकणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

आम्ही दोघी ठाकुर्लीला राहतो. आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी खोपटची आपली चाळ पाडली. डेपोच्या मागची ती आख्खी रांग आता नाही. ठाकुर्लीचा हा फ्लॅट दोन खोल्यांचा, दुसऱ्या मजल्यावर. सामान हलवताना मी टेम्पोवाल्याला सांगितलं होतं, शिपायांचं काचेचं कपाट आधी वर न्या, बाकीचं नंतर. धाकटी कपाटाला धरून मागे टेम्पोतच बसून आली, ऐकेना. तेव्हा ती पस्तिशीला आलेली. आता चव्वेचाळीस संपतील. केस पिकलेत, चष्मा लागलाय, पण अजूनही मी ऑफिसातून आले की दारातच विचारते, "ताई, आज मी शहाण्यासारखी वागले ना?" तिला गॅस पेटवू देत नाही. कधीकधी फिट येते, गोळ्या चालू आहेत. मी लग्न केलं नाही ते तिच्यामुळे, असं लोक समजतात आणि माझं कौतुक करतात. करू देते.

रोज सकाळी आंघोळ झाली की ती कपाट उघडायची. एक फडकं घेऊन प्रत्येक शिपाई बाहेर काढायची, पुसायची, त्याच्याशी दोन शब्द बोलायची आणि परत जागेवर ठेवायची. तुम्ही लावलेल्या रांगेत एका शिपायाचीसुद्धा चूक व्हायची नाही. मीही कौतुकाने बघत उभी राहायचे. पस्तीस-चाळीस वर्षं बाबा, रोज सकाळी.

तुम्ही लढाईचे माणूस नव्हता. चाळीत भांडण लागलं तरी आत येऊन दार लोटून घ्यायचात. तुम्हाला आवडायची ती रांग. तुम्ही कंपोझिटर, छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे खणांतून एकेक उचलायचे आणि शब्द लावायचे, ओळ सरळ आली की बोट फिरवून बघायचं. एकदा मला प्रेसमध्ये नेलं होतंत. एवढ्या लहान चौकोनात तुमचे हात इतके भराभर चालत होते, आणि तुम्ही माझ्याकडे बघून बोलत होता, हातांकडे बघतही नव्हता. मग प्रेसमध्ये ऑफसेट आलं, खिळ्यांचं काम संपलं. धाकटी तेव्हा जेमतेम वर्षाची. मालकांनी तुम्हाला काढलं नाही, बाइंडिंगला बसवलं. खिळे भंगारात निघाले तेव्हा तुम्ही म्हणालात, माझे मी घेऊन जातो. गोणीत भरून, सायकलच्या कॅरियरला बांधून, किती खेपा केल्यात कोण जाणे. आई म्हणाली, "अहो, ह्या अक्षरांचं करायचंय काय? घरात पाय ठेवायला जागा नाही." तुम्ही नुसतं "बघू" म्हणालात.

त्याच सुमारास प्रेसचा माळा साफ करताना तुम्हाला तो पहिला शिपाई सापडला. बोटाएवढा, लाल कोटाचा, इंग्रजांच्या काळातला असावा. बंदुकीचं टोक मोडलेलं. तो तुम्ही आठवडाभर खिशात घेऊन फिरलात. मग प्लॅस्टरमध्ये त्याचा साचा घेतलात, दोन भागांचा. पहिले पाच-सहा साचे फुटले, एकदा साचा ओला राहिला आणि शिसं उसळून तुमच्या मनगटावर पडलं. त्याचा डाग शेवटपर्यंत होता. पण सातवा की आठवा शिपाई अख्खा निघाला. मोडलेलं टोक तुम्ही आधी मेणाने पुरं केलं होतंत, त्यामुळे नव्याची बंदूक शाबूत होती. पुढे मेणातच ढोलवाले, घोडे घडवून त्यांचेही साचे घेतलेत. तुम्ही तो आईच्या हातावर ठेवलात. आई म्हणाली, "गोड आहे हो." तिला काय माहीत.

रविवारची दुपार आहे. जेवणं झालीत, आईने ओटा पुसून घेतलाय. तुम्ही स्टोव्हला पंप मारताय. मी साच्याच्या दोन्ही भागांना आतून पावडर लावते आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी ते घट्ट बांधते. धाकटी मोरीच्या कट्ट्याला धरून उभी आहे, तिला नुकतं चालता यायला लागलंय. तुम्ही मूठभर खिळे पळीत टाकता. ही पळी आईची, फोडणीची, लोखंडी. आई म्हणते, "अहो, ती आमटीची पळी आहे." तुम्ही म्हणता, "घासून देतो ना." आणि खरंच घासून देता, राखेने, दोनदा. त्याच पळीने संध्याकाळी आमटीला फोडणी पडते. खिळे आधी जसेच्या तसे राहतात, मग एकदम खालून बसतात. वर राखाडी साय येते, ती तुम्ही चमच्याने ओढून वर्तमानपत्रावर टाकता. कागद मोरीजवळ पडलेला. धाकटी तिथे जाऊन बसते. घरभर एक वास भरतो, जड, जरासा आंबूस. मी तो खोल ओढून घ्यायचे. मला तो तुमचा वास वाटायचा.

आणि गूळ. प्रेसमध्ये खिळ्यांवर काम करणाऱ्यांना गूळ देत, शिसं पोटात गेलं तर गुळाबरोबर निघून जातं म्हणून. तुम्ही ती चाल घरीही पाळलीत. ओतणं संपलं की डब्यातून गुळाचा खडा काढायचात, तीन तुकडे करायचात, एक माझ्या तोंडात, एक धाकटीच्या, एक स्वतःच्या. हात न धुता. तुमची बोटं काळी-करडी असायची आणि गुळावर त्यांचे ठसे उठायचे. मी ह्या गुळावर खूप विचार केलाय, बाबा. म्हणजे तुम्हाला काहीतरी ठाऊक होतं. इतकंच ठाऊक होतं, की गुळाने भागतं.

प्रत्येक शिपायाच्या साच्यात, पायाखालच्या पट्टीवर तुम्ही खिळा दाबून एक अक्षर उमटवायचात, कुठल्या वर्षाचा आणि कुठल्या तुकडीचा ते कळावं म्हणून. अक्षर खिळ्यासारखंच उलटं यायचं. तुम्हाला ते सरळ वाचता यायचं, आयुष्यभर उलटंच वाचलेलं. धाकटी तुमच्या मांडीवर बसून ती अक्षरं शिकली. तुम्ही चाळीत सगळ्यांना सांगितलंत, "माझी पोरगी खिळे वाचते!" मग ती शाळेत गेली आणि पाटीवर सगळं उलटं लिहायला लागली.

त्याच्या आधी तिला फिट आली होती. चार-साडेचार वर्षांची होती. आधी महिनाभर पोट दुखतं म्हणून रडायची, जेवायची नाही, चेहरा पांढराफटक. त्या दिवशी गॅलरीत उभ्या उभ्या पडली आणि हातपाय झाडायला लागली. शेजारच्या काकूंनी नाकाशी चप्पल धरली, कोणी कांदा फोडून आणला. तुम्ही तिला उचलून रिक्षाकडे धावलात, पायात काही न घालता. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं, फिटचं औषध सुरू केलं. घरी काय काम चालतं हे त्यांनी विचारलं नाही आणि आपण सांगितलं नाही. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "त्या धुराने पोरीचं डोकं चढत असेल हो. जरा दिवस बंद ठेवा." तुम्ही तिच्यावर ओरडलात. तुम्ही फार क्वचित ओरडायचात म्हणून ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "वीस वर्षं मी प्रेसमध्ये तोच धूर खाल्लाय. मला काय झालं? घरात एक गोष्ट माझी आहे, तीपण डोळ्यांत खुपते तुम्हाला?" पुढच्या रविवारी पळी घासून स्टोव्हजवळ तिनेच ठेवली.

दुसरीत ती नापास झाली. पुन्हा दुसरीतच बसली. बेचा पाढा आज पाठ असायचा, उद्या नसायचा. तुम्ही संध्याकाळी तिला समोर घेऊन बसायचात, हातात लाकडी पट्टी. "ग काढ. सरळ ग. मुद्दाम करतेस?" ती तुमच्याकडे बघून हसायची, तुम्ही खेळताय असं तिला वाटायचं, आणि मग पट्टी बसायची. एकदा तिच्या बोटांची सालं निघाली. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी कपाटातला ढोल वाजवणारा शिपाई काढून तिच्या हातात दिलात, "हा तुझा, कायमचा." कपाटातली वस्तू तुम्ही कुणाला दिलेली मी तेवढी एकदाच पाहिली. ती तो घेऊन झोपायची, आणि झोपेत तोंडात धरायची. सकाळी उशीवर लाळेत निळा रंग उतरलेला असायचा.

तुम्ही वाईट नव्हता. हे वाक्य मी किती वेळा लिहून खोडलंय. नव्हतातच वाईट. छंदप्रदर्शनाचा दिवस आठवला की मला अजून तुमचा अभिमान वाटतो, आणि वाटला की लाज वाटते. शाळेचा हॉल, कुणाचं टेबल तिकिटांचं, कुणाचं काडेपेट्यांचं, कुणाचं शंखशिंपल्यांचं. तुमच्या टेबलावर हिरवं कापड, त्यावर अख्खी परेड, पुढे बँड, मागे पायदळ, शेवटी घोडे. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून बाजूला उभे, हात मागे बांधून, जणू तुम्हीही परेडमध्येच. दिवसभर गर्दी हटली नाही. दुपारी एक पेन्शनर सुभेदार आले, वाकून वाकून बघितलं आणि म्हणाले, "काम झकास आहे. पण सगळ्यांचा उजवा पाय पुढे आहे हो. परेड डाव्या पायाने निघते." तुम्ही पुढचे दोन महिने दर रविवारी ते बेचाळीस शिपाई वितळवून पुन्हा ओतलेत. नवे साचे करून, डावा पाय पुढे घालून.

मग तुमचे हात गेले. आधी शिपाई रंगवताना ब्रश सुटायला लागला, मग शर्टाचं बटण लागेना. मनगट असं खाली लोंबायचं, जणू ते तुमचं नाहीच. प्रेसमधून घरी बसलात. किडन्या गेल्याचं कळलं तेव्हा हातात काही महिनेच उरले होते. शेवटी शेवटी तुम्ही खाटेवरून कपाटाकडे बघत पडून असायचात आणि धाकटी एकेक शिपाई आणून तुमच्या छातीवर उभा करायची. तुमचा श्वास चालायचा तसे ते हलायचे. ती म्हणायची, "बाबा, बघा, चालले." स्मशानात तुमच्या प्रेसमधले एक जुने सोबती माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, "आमच्या लायनीत असंच होतं, बाय. शिसं सोडत नाही." मी मान हलवली.

आता त्या बाळकुमच्या तरुणाचं सांगते. आमच्या मजल्यावरच्या एका मुलीने कपाटाचा फोटो काढून कुठल्या तरी ग्रुपवर टाकला होता. दोन दिवसांनी ह्याचा फोन. तिशीतला, कंपनीत नोकरी, टॉवरमध्ये राहतो, आणि शिपाई जमवतो. तुम्हाला तो आवडला असता. आल्या आल्या कपाटासमोर उकिडवा बसला आणि एकेक फळी बघत गेला. मग म्हणाला, "काकू, हे सगळे एकाच माणसाने केलेत? माय गॉड. चेहरे बघा ना, प्रत्येकाचा वेगळा आहे." मी चहा टाकला. त्याने खिशातून पातळ हातमोजे काढले, घातले, एक शिपाई उचलला, तळ बघितला. "हे शिसं कुठून आणायचे?"

"छापखान्याचे खिळे."

"आणि ओतायचे कुठे? वर्कशॉप होतं?"

"घरातच. स्वयंपाकघरात, स्टोव्हवर."

त्याने शिपाई खाली ठेवला. तेवढ्यात धाकटी आतून आली, फडकं घेऊन, आणि त्याच्या शेजारी बसून नेहमीसारखी पुसायला लागली. त्याला म्हणाली, "हा थकलाय. ह्याला मागे उभा करायचा असतो." तो तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. चांगल्या घरातला आहे, त्याला बोलणं जड गेलं. "काकू, सॉरी हं, पण… ह्या लहान होत्या तेव्हा?"

"हो," मी म्हटलं.

"मी पण घरी ओततो, पण शिसं नाही वापरत, कथलाचा मिश्रधातू वापरतो, तोही बाल्कनीत, मास्क लावून. शिसं लहान मुलांना… म्हणजे तेव्हा कुणाला माहीत नसणार. पण ह्यांना रोज हातात नका देऊ. प्लीज. हात धुवायला लावा."

मी धाकटीला हात धुवायला नेलं. साबण लावताना ती आपलंच काही चुकल्यासारखं बघत होती. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो, रक्त तपासलं. शिसं जास्त निघालं. डॉक्टर म्हणाले, "हे आत्ताचं आहे, रोजच्या हाताळण्याचं. ते थांबवा. लहानपणी काय झालं ते आता कोण सांगणार? त्यामुळे असेल. नसेलही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मी बरं म्हटलं आणि औषधाच्या दुकानात रांगेत उभी राहिले.

शिपाई मी त्या तरुणाला देऊन टाकले. तो न्यायला आला त्या दिवशी धाकटीला शेजारी पाठवायला हवं होतं, पण मला फसवणं नको वाटलं. तिने एकेक जाताना बघितला. पहिल्यांदा वाटलं, तिला समजलंय. शेवटचं खोकं बंद झालं तेव्हा ती आडवी पडली आणि ओरडायला लागली, मोठ्या बाईच्या आवाजात. तो बिचारा दारात उभा, हातात खोकं, काय करावं कळेना. "काकू, राहू द्या का?" मी म्हटलं, "न्या." तीन दिवस ती नीट जेवली नाही. रात्रीची गोळी थुंकून द्यायची. चौथ्या दिवशी फिट आली. ढोलवाला मी तिच्या उशाखालून काढून आधीच पाठवला होता, ते तिला अजून समजलेलं नाही. ती त्याला अंथरुणात, पलंगाखाली, माझ्या पर्समध्ये शोधते.

मागच्या रविवारी तिला बाळकुमला घेऊन गेले. त्याने एक पूर्ण भिंत काचेची केलीये, आत दिवे. तुमची परेड मधल्या फळीवर, डावा पाय पुढे. इतके सुंदर ते आपल्या घरात कधी दिसले नव्हते. धाकटीने दोन्ही हात काचेवर ठेवले आणि म्हणाली, "उघड." तो म्हणाला, "मावशी, ही नाही उघडत." ती पुन्हा म्हणाली, "उघड. पुसायचेत." त्याची बायको खायला घेऊन आली, हिने हात लावला नाही. परत येताना रिक्षात तिने माझा हात धरला नाही. एवढंच विचारलं, "मी काही केलं का ग?"

मी म्हटलं, "नाही. तू काही नाही केलंस." मग तिने विचारलं नाही, कुणी केलं. ती असं पुढचं विचारत नाही, ते तिला जमत नाही. जमलं असतं तर मी काय सांगितलं असतं, हे बघायला मी लिहायला बसले.

तर ऐका. त्या तरुणाने सांगितलं तेव्हा मला नवीन काही कळलं नव्हतं. मी अकरावीला सायन्सला होते, प्रदर्शनाच्या आधीचा महिना. केमिस्ट्रीच्या मॅडम शिकवताना म्हणाल्या, शिसं शरीरात साठतं, लहान मुलांच्या मेंदूत जातं, पोट दुखतं, झटके येतात, मूल मागे पडतं. त्यांनी ते एका वाक्यात सांगितलं आणि पुढचा मुद्दा घेतला. माझ्या वहीत ते लिहिलेलं होतं, माझ्या अक्षरात. धाकटी तेव्हा सात वर्षांची, दुसरीत दुसऱ्यांदा बसलेली. मी घरी येईपर्यंत ठरवलं होतं, आज सांगायचं. तो शनिवार होता. तुम्ही बाइंडिंगवरून दमून आलात, म्हणालात, उद्या बोलू. उद्या म्हणजे रविवार. स्टोव्ह पेटला, आणि तुम्ही पळी माझ्या हातात दिलीत. पहिल्यांदा. म्हणालात, "आज तू ओत. तुझा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे." धाकटी शेजारी बसली होती, गुडघ्यावर हनुवटी टेकवून. मी ओतलं. थेंबही सांडला नाही. साचा उघडल्यावर तुम्ही शिपाई उजेडात धरलात आणि मला म्हणालात, "ह्यात माझा हात नाही, हा सगळा तुझा." मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतर कधीच नाही. पुढे वहीतलं ते पान मी फाडलं.

तुम्हाला ठाऊक नव्हतं, असं मी धरून चालते. मला ठाऊक होतं. आणि बाबा, त्या रविवारी मी फार खूष होते.